‘साकु’ कधी म्हणायचं, सर?

आदरणीय ट्रिकवाले सर,



तुम्ही मला ओळखणार नाही. पुण्यात पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तुमच्या एकेका बॅचला दोन-अडीचशे पोरं असायची आणि मी पंखा नसलेल्या रांगेत बसायचो. तरी एक खूण सांगतो. पहिल्या दिवशी तुम्ही प्रत्येकाचं गाव विचारत होता. मी ‘अफजलपूर’ म्हटलं, तसं तुम्ही विचारलंत, “अफजलखानाचं का रे?” हॉल हसला. मीही हसलो. फी भरून झाली होती, न हसून सांगतो कुणाला.

अफजलपूर कलबुर्गी जिल्ह्यात आहे, सर. जुनं गुलबर्गा म्हणा हवं तर. भीमेकाठचा तालुका. गाणगापूर आमच्याच तालुक्यात येतं, त्यामुळे तुमच्या घरातलं कुणी ना कुणी आमच्या हद्दीत येऊन गेलेलं असणार. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि बाजारात एकाच वाक्यात दोन्ही, अशी आमची बोली. यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. ज्या गुरुचरित्राची पारायणं तुमच्याकडे होतात, ते मराठीत लिहिणारे सरस्वती गंगाधर मूळचे कन्नड बोलणारेच होते.

पत्रास कारण की, तुम्ही अजून चालू आहात. म्हणजे शतायुषी व्हा, पण पोरांच्या मोबाइलमध्ये चालू आहात, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

झालं असं. मी आता वडिलांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान बघतो. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की पाच-सहा पोरं येतात. कुणी ग्रामीण बँकेची तयारी करतंय, कुणी यूपीएससीची स्वप्नं बघतंय. युरियाच्या पोत्यांवर बसतात. एका कीटकनाशक कंपनीच्या पत्र्याच्या पाटीची मागची बाजू हा आमचा फळा. त्या दिवशी मी फळ्यावर असमानतेचा एक प्रश्न सोडवत होतो, सावकाश, माझ्या रीतीनं. पंचवीस मिनिटं झाली. एका पोराचा धीर सुटला. त्यानं मोबाइल पुढं केला आणि म्हणाला, “सर, हे पुण्याचे सर एका ओळीत करतात की. तुम्ही एवढं कशाला दळताय?”

पडद्यावर तुम्ही. तोच निळा शर्ट (तो नसेल, पण तसलाच), तोच खडू हवेत उडवून झेलायचा हात, आणि तेच वाक्य: “क्षच्या जागी दोन टाका आणि मोकळे व्हा!”

मी मोकळा झालो होतो सर, त्या वाक्यामुळंच. कसा ते पुढं येतंच आहे.

ज्यांना हा प्रश्नप्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पत्र खुलं आहे, बाकीचेही वाचणार. प्रकाराचं नाव डेटा सफिशियन्सी, म्हणजे माहिती पुरेशी आहे का. एक प्रश्न दिलेला असतो आणि खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं. ती विधानं उत्तराला पुरतात का, एवढंच सांगायचं असतं. एकटं एखादं पुरतं, की कुठलंही एक पुरतं, की दोन्ही मिळून पुरतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत? अमेरिकेत एमबीएला जायचं असलं की पुष्कळ जण जीमॅट देतात, तिच्यात हा प्रकार जुना आहे. २०२३ मध्ये आलेल्या नव्या जीमॅटमध्ये तो गणिताच्या विभागातून उचलून ‘डेटा इनसाइट्स’ नावाच्या विभागात बसवला. आपल्याकडे बँकेच्या परीक्षांत तो असतो, यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे प्राथमिक परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, असतो. त्यात असमानता आली की भले भले घसरतात. समीकरणात कसं, क्ष बरोबर पाच, विषय संपला. असमानतेत क्ष हा एक माणूस नसतोच, ते अख्खं शिवार असतं. तो कुठं आहे विचारलं तर उत्तर मिळतं, “ओढ्याच्या पलीकडं, कुठंतरी.”

या ‘पुरतं का’ साठी आमच्याकडे एक फार चांगला शब्द आहे. पंगतीत आम्ही ‘पुरे’ म्हणत नाही, ‘साकु’ म्हणतो. कन्नड शब्द, पण मराठी घरातल्या म्हातारीच्याही तोंडी तोच. हुग्गीची बादली घेऊन वाढपी आला की पानावर आडवा हात धरायचा आणि म्हणायचं, साकु. माझी आज्जी म्हणायची, पहिल्या घासालाच साकु म्हणणारा एक तर आजारी असतो नाही तर रुसलेला.

तुम्ही ना आजारी होता ना रुसलेले. तरी तुमचा आडवा हात कायम पहिल्याच घासाला.

आता तो प्रश्न, जो माझ्या पाटीवर होता आणि तुमच्या व्हिडिओतल्या प्रश्नाचा सख्खा भाऊ शोभेल. क्ष हा १ पेक्षा मोठा आहे का? विधान पहिलं: क्ष² > क्ष. विधान दुसरं: क्ष³ > क्ष. तुमची रीत वापरू. क्षच्या जागी दोन टाका. चार दोनापेक्षा मोठे, बरोबर. आठ दोनापेक्षा मोठे, बरोबर. दोन एकापेक्षा मोठे, बरोबर. झालं! दोन्ही विधानं स्वतंत्रपणे पुरेशी, गोल काळा करा, पुढं चला. खात्री हवी असेल तर तीन टाका. तीनही तेच सांगतो. चारही तेच. इतके सगळे आकडे एकाच सुरात होकार देतायत म्हटल्यावर शंका घेणारा मीच करंटा.

त्या संध्याकाळी व्हिडिओ संपल्यावर पोत्यावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, “सर, क्षवर कर्ज असलं तर?”

मी पाटीवर लिहिलं: उणे अर्धा.

पैशात बघू. क्ष म्हणजे पन्नास पैसे देणं. त्याचा वर्ग पंचवीस पैसे, आणि तेही जमा. जमा हे देण्यापेक्षा केव्हाही मोठं, म्हणजे पहिलं विधान खरं. त्याचा घन साडेबारा पैसे देणं. पन्नास पैसे देणं लागणाऱ्यापेक्षा साडेबारा पैसे देणं लागणारा बऱ्या परिस्थितीत, म्हणजे दुसरं विधानही खरं. आणि उणे अर्धा हा एकापेक्षा मोठा आहे का? नाही. दोन घेतला तर उत्तर ‘हो’, उणे अर्धा घेतला तर ‘नाही’, आणि दोघंही दोन्ही विधानांत चोख बसतात. म्हणजे दोन्ही विधानं एकत्र करूनही पुरत नाहीत. तुमचा गोल सगळ्यात वरच्या टोकाला आणि खरं उत्तर सगळ्यात खालच्या.

मोबाइलवाल्या पोरानं दोन वेळा गुणून बघितलं. मग व्हिडिओ परत लावला, तुमच्या तोंडून कुठं ‘उणे’ हा शब्द येतो का ते ऐकायला. अकरा मिनिटांच्या व्हिडिओत आला नाही. जाहिरात मात्र दोनदा आली.

सर, तुम्ही कधी गाणगापूरला दुपारी माधुकरी मागितलीय? लोक झोळी घेऊन निघतात आणि निदान पाच घरं फिरतात. पुण्यामुंबईचे मोठे पगारवालेही फिरतात. कुठं भाकरी मिळते, कुठं भात, कुठं नुसतीच खीर. पहिल्या घरी भाकरी मिळाली म्हणून कुणी दारातच ‘या गावात घरोघरी भाकरीच असते’ असं सांगत बसत नाही. तुमचं गणित पहिल्या घरी थांबतं. आणि दोन-तीन-चार ही पाच घरंसुद्धा नव्हेत. एकाच घराचा दिंडी दरवाजा, मागचं दार आणि खिडकी.

मी पोरांना चार गावं फिरायला लावतो. संख्यारेषेवर तीन वेशी: उणे एक, शून्य आणि एक. त्यांच्यामुळं चार गावं पडतात. एकेका गावातून एक माणूस बोलवायचा: उणे दोन, उणे अर्धा, अर्धा, दोन. वेशीवर उभे असलेल्या तिघांनाही विचारायचं. वरच्या प्रश्नात पहिलं विधान गावकऱ्यांपैकी फक्त अर्ध्याला हाकलतं, उणे दोन राहतो. दुसरं विधान अर्ध्याबरोबर उणे दोनलाही हाकलतं. शेवटी उणे अर्धा आणि दोन उरतात, एकमेकांकडे पाठ करून. याला वेळ लागतो, मान्य. दोन मिनिटं लागतात. तुमचं म्हणणं असायचं, सीसॅटला ८० प्रश्न, १२० मिनिटं, दीड मिनिटात विचार कोण करतो? खरंय. दीड मिनिटात चूक मात्र आरामात होते, वर वीस सेकंद उरतात.

एक कबुली द्यायला हवी, नाही तर तुम्ही म्हणाल पोरगा सूड घेतोय. आकडे टाकून बघणं ही काही वाईट सवय नाही. ‘पुरत नाही’ हे दाखवायला दोन आकडे बस होतात: एक ‘हो’ म्हणणारा आणि एक ‘नाही’ म्हणणारा. पण ‘पुरतं’ हे दाखवायला दोनशे आकडे टाकले तरी पुरत नाही. तिथं कारण द्यावं लागतं. हा एवढा फरक तुम्ही पाच महिन्यांत एकदाही सांगितला नाहीत. मला तो दुकानात बसून, तुमचीच वही चाळताना कळला.

दुसरी ट्रिक. “भागाकार दिसला की तिरका गुणाकार करा!” अ ÷ ब > १ असं विधान दिसलं की तुम्ही फळ्यावर सर्रकन अ > ब लिहायचात आणि टाळी मागायचात. ही ट्रिक आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगायची माझी फार इच्छा आहे. समजा, दोघा भावांच्या खात्यात पीककर्जाशिवाय काही नाही. थोरल्यावर ५० हजार, धाकट्यावर २० हजार. उणे ५० हजाराला उणे २० हजारानं भागलं की येतात अडीच. अडीच एकापेक्षा मोठे. म्हणून, तुमच्या तिरक्या गुणाकारानं, थोरला धाकट्यापेक्षा श्रीमंत! ही बातमी थोरल्याला सांगायला तुम्ही स्वतः या. मी बसचं तिकीट काढून देतो. मी मात्र त्या वेळी दुकानात नसेन.

ब धन आहे हे कुणी सांगितलं असेल तरच तो गुणाकार चालतो. ऋण असला तर चिन्ह उलटतं, आणि शून्य तर इथं भाजकात बसूच शकत नाही. म्हणून असल्या प्रश्नात दुसरं विधान बिचारं ‘ब > ०’ एवढंच सांगत कोपऱ्यात उभं असतं. तुम्ही त्याच्याकडे बघायचात आणि म्हणायचात, “हे उगाच भर घालायला दिलंय.” सर, अख्ख्या प्रश्नात कामाचं तेवढंच होतं.

धन आणि ऋण हे शब्दच बघा ना. संपत्ती आणि कर्ज. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली त्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले. दोन ऋणांचा गुणाकार धन, हे त्यात आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात, बीजगणितात, धन संख्येला दोन वर्गमुळं असतात, एक धन आणि एक ऋण, असं स्पष्ट सांगितलं. (भास्कराचार्य कुठले, यावर वाद आहे. आमच्याकडचे विजापूर म्हणतात, खानदेशातले चाळीसगावजवळचं पाटण म्हणतात. त्यांच्याकडे शिलालेख आहे, आमच्याकडे अभिमान.) एवढं सगळं झाल्यावर, सव्वाशे कोटींहून जास्त लोकांच्या आणि त्यांच्या कर्जांच्या देशात, तुमच्या हॉलमध्ये सगळे क्ष धनवान. वर्गातल्या अर्ध्याहून अधिक पोरांची फी कर्ज काढून भरलेली, आणि फळ्यावर एकही ऋण संख्या नाही.

ते ‘मोठं-लहान’ चं चिन्ह तरी किती गुणी. शाळेत बाई सांगायच्या, मगरीचं तोंड मोठ्या घासाकडे. हे चिन्ह पहिल्यांदा छापलं गेलं १६३१ मध्ये, टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात, आणि तेही तो वारल्यावर दहा वर्षांनी. बरोबरचं चिन्ह त्याच्याही आधीचं, १५५७ चं, रॉबर्ट रेकॉर्डचं. मधल्या ७४ वर्षांत छापलेल्या गणितात समानतेला चिन्ह होतं, असमानतेला नव्हतं. प्रत्यक्षात असमानता भरपूर होती, पण तो वेगळा विषय.

तिसरी ट्रिक वर्गाची. “क्ष² > य² म्हणजे क्ष > य, दोन्हीकडचे वर्ग उडवा.” यासाठी मी पोरांना नदीवर नेतो. खरंच नेतो, रविवारी. भीमा म्हणजे शून्य. अलीकडचा काठ आमचा, कलबुर्गी जिल्हा, तो धन. पलीकडे विजयपूर जिल्हा, तो ऋण. (पलीकडच्या लोकांनी राग मानू नये, त्यांच्या शाळेत आम्ही ऋण असतो.) आता वर्ग म्हणजे काय, तर फक्त अलीकडे येणारी नाव. पलीकडे कितीही आत राहणारा असो, वर्ग केला की तो आमच्या काठावर उतरतो. अलीकडचा होता तो अलीकडेच राहतो. सगळे इकडे जमल्यावर कोण कुठल्या काठाचा होता, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. क्ष² > य² एवढंच सांगतं की क्षचं घर यच्या घरापेक्षा नदीपासून लांब आहे. कुठल्या बाजूला लांब, ते नाही सांगत. तुम्ही नावेतून उतरलेल्या प्रत्येकाला अफजलपूरचा समजून रेशनकार्ड दिलंत.

नदीवरून आठवलं. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला पूर आला, तेव्हा आमच्या तालुक्यात शिकलेला-न शिकलेला प्रत्येक जण डेटा सफिशियन्सी सोडवत होता. प्रश्न एकच: पाणी आपल्या शिवारात येणार का? विधान पहिलं: उजनी धरणातून इतकं इतकं सुटलंय. तेवढ्यावर कुणी साकु म्हणालं नाही. कारण सीना नदीचं पाणी खाली हत्तरसंग-कुडलला भीमेत मिळतं, तिचा आकडा वेगळा लागतो. दोन्ही आकडे मिळाले तरी काठावरचे म्हातारे मान हलवायचे, मधल्या पावसाचं काय, आणि सोन्नच्या बॅरेजवर काय चाललंय? म्हणजे दोन्ही विधानं मिळूनही अपुरी. ज्यांची अक्षरओळख अंगठ्यापुरती, ते लोक योग्य गोल काळा करत होते. गुरं मात्र त्यांनी आधीच उंचावर नेऊन बांधली होती. गणित पुरत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो, हेही त्यांना येत होतं.

चौथीला मी ट्रिक म्हणत नाही, ती तुमची श्रद्धा होती. ‘नाही’ असं उत्तर आलं की तुम्ही म्हणायचात, उत्तर आलं नाही. प्रश्न: क्ष धन आहे का? विधान: क्ष³ + १ हे ऋण आहे. म्हणजे क्ष उणे एकाच्याही पलीकडे, शंभर टक्के ऋण. तर क्ष धन आहे का? नाही. स्वच्छ, ठाम, नाही. विधान पुरतं. तुम्ही मात्र लिहिलंत, ‘अपुरं, कारण क्ष धन येत नाही.’ सर, तुमच्या घरी लग्नाचं बघताना काय करत होता? मुलीकडच्यांनी ‘नाही’ कळवलं तर विषय मिटतो, माणूस दुसरं स्थळ बघतो. ‘विचार करून कळवतो’ हे अपुरं. आमच्या गल्लीत एका घराला तीन वर्षं ‘कळवतो’ येत होतं. त्यांनी कधी ‘नाही’ आणि ‘कळवतो’ यांच्यात गल्लत केली नाही.

वजाबाकीचं थोडक्यात उरकतो. क्ष + य > १० आणि क्ष − य > २, या दोन्ही एकाच दिशेच्या. बेरीज केली तर चालते, क्ष ६ पेक्षा मोठा निघतो. तुम्ही वजाबाकीही करायचात आणि य ४ पेक्षा मोठा म्हणून जाहीर करायचात. क्ष वीस घ्या, य उणे पाच घ्या. दोन्ही अटी पाळल्या जातात. य आणि चार यांची गाठ तुम्हीच घालून द्या.

आणि अडलात की ‘दोन्ही मिळून’ ला गोल करा, हा तुमचा आशीर्वाद. दोन विधानं दिलीत म्हणजे दोन्ही लागणारच, पेपर काढणाऱ्याला काय वेड लागलंय फुकट एक विधान द्यायला! वेड नव्हतं लागलेलं. त्याला तुमचा आशीर्वाद माहीत होता.

आता हिशेब.

सीसॅट २०११ ला आली. २०१४ ला दिल्लीत पोरं तिच्या विरोधात रस्त्यावर उतरली. २०१५ पासून ती फक्त पात्रतेपुरती झाली: २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६. ते गुण पुढं कुठं धरत नाहीत, पण ते नसले तर तुमचा पहिला पेपर सोन्याचा असला तरी बाजूला पडतो. पेपर इंग्रजीत आणि हिंदीत; मराठी नाही, कन्नडही नाही. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीच्याला एक तृतीयांश कापतात, म्हणजे ०.८३. आणि प्राथमिक परीक्षेचे गुण लगेच कळत नाहीत, सगळी प्रक्रिया आटोपून अंतिम निकाल लागला की मग कळतात. तोवर माणूस आपल्याला नक्की काय नडलं याचा अंदाज बांधत बसतो. मी इतिहासावर संशय घेऊन तो तिसऱ्यांदा वाचून काढला होता.

गुण आले: ६५.८३.

दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर मी ते उलगडले. मी एकेचाळीस सोडवले होते. तीस बरोबर, त्यांचे पंच्याहत्तर. अकरा चूक, त्यांचे नऊ पूर्णांक सतरा शतांश वजा. ६६ > ६५.८३. आयुष्यात मी लिहिलेली ही एकच असमानता, जिच्यात क्ष नव्हता, य नव्हता, कुठली वेस तपासायची नव्हती, आणि जी कुणाच्याच ट्रिकनं उलटली नाही.

पेपर माझ्याकडे होता, त्यावर मी खुणा केलेल्या होत्या. अकरापैकी चार प्रश्नांच्या समासात माझ्या अक्षरात ‘२ टाकला’ असं लिहिलेलं. चार.

आता गंमत बघा, सर. ते चार बरोबर यायची मुळीच गरज नव्हती. चारातला एक जरी मी कोरा सोडला असता, तर चुका दहा झाल्या असत्या, पंच्याहत्तरातून आठ पूर्णांक तेहतीस गेले असते आणि उरले असते ६६.६७. पास. म्हणजे तुमची शिकवणी न लावता, प्रश्न बघून ‘हे आपल्याला येत नाही’ म्हणून मान खाली घालणारा अडाणी मी पात्र ठरलो असतो. तुम्ही मला गणित शिकवलं नाहीत, हे तर कुणीही करतं. तुम्ही मला येतंय असं वाटायला शिकवलंत. त्यासाठी फी भरावी लागते.

वडिलांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांचं शिक्षण सातवी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, “दोनच का टाकायचा म्हणाला होता रे तो?” मला उत्तर देता आलं नाही. मी एवढा प्रश्न पाच महिन्यांत पंखा नसलेल्या रांगेतून विचारला असता, तर कदाचित पत्ता वेगळा असता. हा माझा दोष, तुमच्या खात्यात टाकत नाही.

तर असो. त्या मुलीचं सांगतो. परवा मी तिला प्रश्न घातला: क्ष धन आहे का, विधान एकच, क्ष³ > क्ष². पोरं लगेच ‘उणे अर्धा टाका, उणे दोन टाका’ करायला लागली. माझी ट्रिक झाली ती आता, काय करता! ती गप्प होती. मग उठून पाटीपाशी गेली आणि म्हणाली, वर्ग कधी ऋण नसतो. शून्यही असू शकत नाही, शून्य असता तर दोन्ही बाजू सारख्या झाल्या असत्या आणि विधान खोटं पडलं असतं. म्हणजे क्ष² धन आहे, आता त्यानं बिनधास्त भागा. क्ष एकापेक्षा मोठा. तिनं एकही आकडा टाकला नाही. खडू ठेवला, पानावर धरतात तसा हात आडवा धरला आणि म्हणाली, “साकु.”

तिची बँकेची परीक्षा जवळ आली आहे. तुमचा तो व्हिडिओ तिच्या बरोबरीच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि त्या सगळ्यांना मी पोत्यांवर बसवू शकत नाही. माझ्याकडे तेवढा युरिया येत नाही.

फी परत मागत नाही. माफीही नको, तिचा मला उपयोग नाही. एवढंच करा. तो व्हिडिओ काढून टाका. काढवत नसेल तर पुन्हा एकदा त्याच निळ्या शर्टात फळ्यापुढं उभे राहा, दोन लिहा, आणि त्याच्या शेजारी, पोरांना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात, उणे अर्धा लिहा.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
पंखा नसलेल्या रांगेतला,
६५.८३